तळव्यांचं प्रूफ

चौतीस वर्षं मी दादरच्या एका चपलांच्या दुकानात लेडीज सेक्शनला होते. लग्नाआधी लागले, ती थेट रिटायर होईपर्यंत. गिऱ्हाईक दारातून आत आलं की पायांकडे नुसती नजर टाकून नंबर सांगायचे, वर कुठल्या बोटाला चप्पल चावणार तेही सांगायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक हसतात ते ह्याच्यामुळेच. तर अशी मी, एका शनिवारी दादरहून लालबागला एकाच पायात चप्पल घालून घरी आले. आणि मला पत्ताच नाही!

दार आमच्या ह्यांनी उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"दुसरी कुठाय?"

"दुसरी काय?"

"चप्पल."

उजव्या पायात चप्पल, डावा पाय मोकळा आणि धुळीने माखलेला. दादरच्या फुलबाजारातून मी चालत स्टॉपवर आले, बसमध्ये चढले, उतरले, लिफ्टने आठव्या मजल्यावर आले आणि एवढ्या वेळात माझ्या डाव्या पायाने एकदाही तोंड उघडलं नाही. मग काय करायचं? मी ह्यांच्यावरच उखडले. म्हटलं, दारात उभं राहून बायकोच्या पायांची उलटतपासणी काय घेताय, आधी आत तर येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी जाऊन चप्पल शोधली. शेवंतीवालीने ती टोपलीखाली जपून ठेवली होती. "मावशी, किती हाका मारल्या तुम्हाला! चप्पल सुटली, चप्पल सुटली म्हणून ओरडले. तुम्ही मान वळवलीत तर शपथ!" हाका मी ऐकल्या होत्या हो. मला वाटलं, गजऱ्यासाठी मागे लागलीय.

हे मुलीला कळलं आणि झालं. मुलगी अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहते, एकुलती एक, स्वभाव माझ्यावर गेलाय. फोनवरच तिने मला झापलं. बारा वर्षं मला साखर आहे. गोळ्या घेत होते, चहात साखर घालत नव्हते, माझ्या मते तेवढं पुरे होतं. पायांना मुंग्या येतात, संध्याकाळी तळव्यांची आग होते, हे मी उभं राहून नोकरी केल्याचं बक्षीस समजत होते. मुलगी मला परळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई इतक्या तरुण, की आधी मला वाटलं डॉक्टर आत आहेत आणि ह्या नंबर लावायला बसल्यात.

त्यांनी मला डोळे मिटायला लावले. हातात एक नायलॉनचा जाडसर धागा. "काकू, पायाला धागा टेकला की हो म्हणायचं." मी डोळे मिटून बसले. काहीच कळेना. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. थोडा वेळ गेला की मी आपली अंदाजाने म्हणायचे, "हो." पुन्हा जरा थांबून, "हो, हो." मला वाटलं छान चाललंय. तर बाई म्हणतात, "काकू, मी मघापासून तुमचा रिपोर्ट वाचतेय. धागा टेबलावर आहे." शाळेत कधी कॉपी केली नाही, आणि साठी उलटल्यावर पायाच्या परीक्षेत पकडले गेले. मुलगी तोंडावर रुमाल धरून हसत होती.

मग बाईंनी नीट समजावलं. साखरेने पायांच्या नसा खराब झाल्यात. काही लागलं, भाजलं, टोचलं तरी पायाचा निरोप वर पोचत नाही. आग होते तीही त्या नसांचीच, बाहेरून पाय गरम नसतो. त्यामुळे अनवाणी चालायचं नाही, घरातही नाही. पाण्यात पाय घालण्याआधी हाताने पाणी बघायचं.

"घरात चप्पल?" मी म्हटलं. "देवापुढेसुद्धा?"

"देव तुमचे पाय बघत नाही काकू. ते मला बघायचेत."

उत्तर आवडलं मला, पण ऐकलं नाही. सकाळी पूजेला मी अनवाणीच जात राहिले. ते पुढे भोवलं.

शेवटी बाई म्हणाल्या, "आणि रोज कुणीतरी तुमचे दोन्ही तळवे नीट बघायचे. तुम्हाला वाकता येत नाही, तर काकांना सांगा." ह्यावर मात्र मी मोठ्यांदा हसले. नवऱ्याला सांगायचं, माझे पाय बघा? पाडव्याला, वटपौर्णिमेला, ह्यांच्या वाढदिवसाला मी वाकून नमस्कार करणारी बाई. चुकून माझा पाय ह्यांना लागला तर लगेच हात लावून कपाळाला नेणारी. चौतीस वर्षं परक्या बायांचे पाय हातात घेतले, त्याचं काही वाटलं नाही. पण माझे पाय ह्यांच्या हातात? छे!

पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. आमच्याच बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर एक भाऊ राहतात. त्यांना साधा फोड आला होता, करंगळीला. त्या फोडाने पाय काळा पडला आणि गुडघ्याखालून काढावा लागला. ते आता व्हीलचेअरवर लिफ्टमध्ये भेटले की हसून बोलतात, आणि मी वर आल्यावर तासभर कुणाशी बोलत नाही. मला बाकी कशाची भीती नाही. पण आपल्या पायांनी खाली उतरून बाजारात जाता आलं नाही, तर मी राहणारच नाही मी. हे मी मुलीलाही तेव्हाच सांगून टाकलं.

त्या आठवड्यात गिरगावची जाऊ आली, पिशवीत काशाची वाटी घेऊन. "तळव्याला तूप लाव आणि वाटीने घास. बघ कशी सगळी उष्णता ओढून काढते." तिने दहा मिनिटं घासलं आणि माझा तळवा काळाभोर झाला. "बघितलंस? ही सगळी उष्णता!" आम्ही दोघी त्या काळ्या तळव्याकडे चोर पकडल्यासारख्या बघत बसलो. जाऊ वाटी ठेवून गिरगावला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अशी आग सुरू झाली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब करून. हे पाट घेऊन आले, समोर बसले आणि माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला.

"अहो! सोडा! पाप लागेल."

"कुणाला?"

"मला!"

"मग तुझं तू बघ," असं म्हणून ह्यांनी वाटी तुपात बुडवली.

काय सांगू! घासल्याचं नीट कळत नव्हतं, लांबून कुणीतरी दार ठोठावतंय एवढंच. पण जीव निवला. मी म्हटलं, लागायचं तर लागू दे पाप. आमच्या घराचं दार बहुतेक वेळ उघडंच असतं, चाळीतली सवय टॉवरमध्येही गेलेली नाही. समोरच्या वहिनी डोकावल्या आणि तिथेच थांबल्या. "काका, असा काय गुन्हा केलात, बायकोचे पाय धरायची वेळ आली?" हे मान वर न करता म्हणाले, "अजून माफी मिळालेली नाही." वहिनींनी ते सगळ्या मजल्यावर पोचवलं.

आता ह्यांच्याबद्दल सांगते. हे आयुष्यभर छापखान्यात प्रूफरीडर होते. बोलणं कमी, बघणं जास्त. लग्नपत्रिका हातात आली की आधी त्यातल्या चुका सापडतात, मग कुणाचं लग्न ते. अजूनही आमच्या गणपती मंडळाचा अहवाल ह्यांच्याकडेच तपासायला येतो. तर वाटीने घासून झालं की हे भिंग काढायचे आणि माझा तळवा टाचेपासून बोटांपर्यंत वाचायचे, ओळीने. "आज काल्यापेक्षा जास्त काळा आलाय," असं मुद्दाम चुकवून म्हणायचे. मी "कालच्यापेक्षा म्हणा," अशी चूक काढली की मनापासून खूश व्हायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं रोजचं बघणं झालं, असं आम्ही दोघांनी धरलं. काळ्या तळव्यावर काय दिसणार, हे चाळीस वर्षं प्रूफं वाचलेल्या माणसाच्या आणि चौतीस वर्षं पाय बघितलेल्या बाईच्या, दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तीन आठवडे असे मजेत गेले. मग एका दुपारी ह्यांनी जेवणानंतरच वाटी काढली. घासता घासता माझा डोळा लागला. हे माझ्या अंगावर चादर घालून, दार ओढून दूध आणायला खाली गेले. तेवढ्यात मुलगी आली. तिच्याकडे किल्ली आहे. चादरीच्या बाहेर माझा डावा पाय, काळाठिक्कर.

किंकाळीनेच मी जागी झाले. "आईचा पाय काळा पडला! आईचा पाय काळा पडला!"

तुम्ही म्हणाल, तुला तर माहीत होतं. माहीत होतं हो, पण झोपेतून उठताना कानावर तेच तीन शब्द पडले, सहाव्या मजल्यावरच्या भाऊंचे. वाटीबिटी सगळं डोक्यातून उडालं. मी पाय दाबून बघितला. काही कळेना. आता तो रोजच कळत नव्हता, पण त्या क्षणी मला वाटलं, गेला. समोरच्या वहिनी आल्या, त्यांनी देवाचं नाव घेतलं. कुणीतरी टॅक्सी थांबवली. मुलगी रडत होती आणि रडता रडता मला ओरडत होती, की इतके दिवस काय झोपा काढत होतात का दोघं.

टॅक्सीत मी निरवानिरव सुरू केली. मोदकाचं मोठं पातेलं गिरगावच्या जावेला दे. माझ्या चपला कुणालातरी देऊन टाक, डाव्या तरी मला आता लागणार नाहीत. "आई, गप्प बस!" मुलगी किंचाळली. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी अशी काढली की परळ कधी आलं कळलं नाही. मी खूप घाबरले होते. तोंड चालू होतं ते त्यामुळेच.

डॉक्टरीणबाईंनी पाय उचलून धरला. वळवून बघितला. वास घेतला. मग कापसाचा बोळा भिजवून तळव्यावरून एकदा फिरवला. बोळा काळा झाला आणि तळव्यावर गोरा पट्टा उमटला. तेवढ्यात समोरच्या वहिनींकडून कळलं म्हणून आमचे हे दार ढकलून आत आले, धापा टाकत, एका हातात दुधाची पिशवी. एरवी पुस्तकी मराठी बोलणारा माणूस, पण घाबरला की थेट मालवणात पोचतो.

"अगो, ता वाटीचा काळा आसा! काशाची वाटी!"

मुलगी मटकन स्टुलावर बसली. मग आधी ती हसली की मी, आठवत नाही. बाईंना वाटीचं सगळं सांगितलं, उष्णतेसकट, तेव्हा त्या खुर्चीला धरून हसायला लागल्या. बाहेरचे पेशंट डोकावून गेले. माझे तर हसून डोळे भरून आले, आणि मी ह्यांना म्हटलं, "दूध तरी ठेवा खाली, माझ्यासाठी आणलंत की बाईंसाठी?" बाई हसत हसतच उरलेला काळा पुसत होत्या. आणि मध्येच थांबल्या.

"काकू, हे कधी टोचलं?"

अंगठ्याच्या खाली, जिथे मांस जाड असतं तिथे, स्टेपलरची पिन होती. अर्धी तुटून आत रुतलेली. आजूबाजूला लाल आणि दाबल्यावर पिवळं. बाई म्हणाल्या, तीन-चार दिवस झाले असतील. ह्यांचा चेहरा उतरला. ती पिन मंडळाच्या अहवालाची होती. हे देवघराशेजारच्या टेबलावर बसून पानं सुटी करतात, आणि मी सकाळी अनवाणी पूजेला जाते. दोघांचाही गुन्हा, अर्धा अर्धा.

बाईंनी पिन काढली, जखम साफ केली. मला काहीच दुखलं नाही, आणि दुखत नाही म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं. बाईंनी आता हसणं बंद केलं होतं. म्हणाल्या, "आज आलात ते फार बरं झालं. दहा दिवस औषध आणि ड्रेसिंग. साखर आवरायची. लाली वर चढली नाही तर काही नाही. चढली, तर अंगठ्याचा विचार करावा लागेल." आणि वाटी बंद, हे ह्यांच्याकडे बघून सांगितलं.

घरी आल्यावर ह्यांनी दूध तापायला ठेवलं. मग काशाची वाटी घेतली, तूप घेतलं आणि स्वयंपाकघरातली पांढरी फरशी घासायला बसले. मला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. पाच मिनिटांत फरशी काळी.

"बघ," हे म्हणाले. "फरशीलाही उष्णता झालीय."

मी लगेच गिरगावला फोन लावला. जाऊ म्हणाली, तुमच्या टॉवरच्या फरशाच तसल्या. तिची समजूत काढायच्या भानगडीत मी पडले नाही.

मग ते दहा दिवस. सकाळी ड्रेसिंगच्या वेळी खिडकीजवळ, उजेडात, हे माझा पाय मांडीवर घ्यायचे. आता पापाचं नाव मी काढलं नाही. आधी स्वच्छ पुसायचा, मग भिंग, मग बोटांच्या मधल्या फटी. आणि वहीत नोंद. "दिवस तिसरा. लाली आहे तेवढीच. कडेला सूज किंचित." मी म्हणायचे, "माझ्या पायाचं पुस्तक छापताय की काय?" हे म्हणायचे, "एक चूक सुटली, दुसरी सुटणार नाही." चौथ्या दिवशी लाली जरा पसरल्यासारखी वाटली. त्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणावर ओरडलं नाही, म्हणजे बघा. मी आंबोळ्यांचा बेत रद्द केला, ह्यांनी भात सोडला माझ्याबरोबर. सहाव्या दिवशी ह्यांनी बराच वेळ बघितलं, भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "कमी आहे." मी म्हटलं, नीट बघा. पुन्हा बघितलं. "कमीच आहे." मी ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, दार उघडं असताना.

दहाव्या दिवशी बाईंनी पट्टी काढली आणि टाळी वाजवली. जखम भरली होती. अंगठा माझाच राहिला. बाईंनी मला खास बूट लिहून दिले, मऊ आतल्या बाजूचे, पुढून गोल, दिसायला अगदी कडक पावासारखे. माझ्या दुकानात असा माल आला असता तर मी परत पाठवला असता. पण घातले. परळहून लालबागपर्यंत आम्ही दोघं चालत आलो, कारण मला चालायचं होतं. रस्त्यात मी ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून बूट दाखवले आणि प्रत्येकाकडे त्यांना नावं ठेवली. इतकी मजा मला गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती.

निघताना बाई ह्यांना म्हणाल्या होत्या, "काका, तुमचंही वय झालंय. साखर तपासून घ्या आणि तुमचे पायही कुणालातरी बघू द्या." ते मी पक्कं लक्षात ठेवलं. संध्याकाळी भिंग मी घेतलं आणि ह्यांना म्हटलं, "बसा. आता तुमचे."

"माझे कशाला? मला सगळं कळतं."

"दाखवा म्हटलं ना!"

चाळीस वर्षं ह्यांच्या पाया पडतेय, पण बघितले ते वरून. तळवा हातात घेतला तो पहिल्यांदाच. टाच भेगाळलेली, ते ठीक. पण डाव्या तळव्याच्या मधोमध आडवा वण होता, माझ्या बोटाएवढा लांब, टाके घातल्याच्या खुणांसकट.

"हे काय?"

"जुनं आहे."

"किती जुनं?"

हे पाय काढून घ्यायला लागले. मी सोडला नाही. "मुलगी दीड महिन्याची होती," एवढंच म्हणाले.

मुलगी झाली तेव्हा मी मरता मरता वाचले. ताप उतरेना, महिना-दोन महिने हॉस्पिटलात होते, बाळ सासूबाईंकडे. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही.

"काच लागली. प्रभादेवीच्या गणपतीला जाताना."

"अनवाणी कशाला गेला होतात?"

मी पाय तसाच घट्ट धरून बसले. शेवटी म्हणाले, "नवस होता. तू घरी यावीस म्हणून. एकवीस मंगळवार, लालबागहून चालत, अनवाणी. नवस सांगायचा नसतो."

आणि मला एकदम आठवलं. मी घरी आले तेव्हा हे लंगडत होते. विचारलं तर म्हणाले, तू आणलेली नवी चप्पल चावली. कामावर परत गेले त्या पहिल्याच दिवशी मी ती चप्पल मालकापुढे आपटून भांडले होते. तो बिचारा शपथेवर सांगत होता की माल चांगला आहे.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. म्हटलं, "काय माणूस आहात! इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं? आणि टाके पडल्यावर तरी थांबलात का? काच लागली तो कितवा मंगळवार होता?"

"तिसरा," हे म्हणाले.

"मग राहिलेले?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चाललो ना. अठरा."